थेरपी सुरू करून आठ-नऊ महिने: सांगलीतल्या एका अडत्याचा अनुभव

दिवाळीनंतर थेरपी सुरू केली, आता श्रावण चालू आहे. मधे हळदीचा अख्खा सीझन गेला आणि कृष्णेला पाणी चढायचे दिवसही येऊन गेले. माझी झोप उडवणाऱ्या याच दोन गोष्टी. त्या पार पडल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण पहिल्या महिन्यात या खर्चाचा उपयोग काय हे मला सांगता आलं नसतं.

मी मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो, म्हणजे शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला विकून देतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, वेळेवर द्यावी लागते, खरेदीदाराचे पैसे त्याच्या सवडीने येतात, आणि मधला खड्डा अडत्याने भरायचा असतो. हा खड्डा कधीच बुजत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की शरीर बोलायला लागतं. मला पहाटे तीनला जाग यायची. मान आणि खांदे आखडलेले, पोटात आग, बीपीची गोळी सुरू झालेली. मी घरात पाऊल टाकलं की पोरं उठून आतल्या खोलीत जायची. ईसीजी, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल आलं. शेवटी फिजिशियननेच सांगितलं की आता मनाच्या बाजूने बघा.

सुरुवातीला सांगलीतच एका समुपदेशकाकडे गेलो. 'पॉझिटिव्ह राहा, सकाळी फिरायला जा, देवाचं करा' एवढंच ऐकून परत आलो. नंतर मिरजेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. मिरज सोयीची पडली, कारण मिरजेला दवाखान्यात निघालोय म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढचं विचारत नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला अजिबात संकोच करू नका. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे वेगळे. ते एमबीबीएसनंतर याच विषयात शिकलेले डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. मला औषधाची गरज पडली नाही. काहींना पडते, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

मॅडमनी पहिल्या दिवशी 'कसं वाटतंय' असं विचारलंच नाही. त्याला माझ्याकडे उत्तरही नव्हतं. त्यांनी विचारलं, राग दिवसातून कधी येतो? किती वेळ टिकतो? मोटरसायकल कशी चालवता? तंबाखूचा मावा किती खाता? सुट्टीच्या दिवशी काय करता? पुरुषांचा ताण पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, तो चिडचिडीतून, व्यसनातून आणि कामाला जुंपून घेण्यातून दिसतो, म्हणून घरच्यांनाही तो ओळखू येत नाही, असं त्या म्हणाल्या. संकट दिसलं की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. संकट टळलं की ते ओसरायला हवं. माझं संकट रोजचंच, त्यामुळे ते नीट ओसरतच नव्हतं. झोप, पचन, बीपी, सगळ्यावर त्याचा भार पडत होता. हे समजलं तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. मी दुबळा नव्हतो, माझ्या शरीराला उसंत मिळत नव्हती.

मग वहीचं काम दिलं. प्रसंग काय घडला, त्या क्षणी मनात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं, असे चार रकाने. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हे जमतं. दोन-तीन आठवड्यांची पानं एकत्र वाचली तेव्हा दिसलं की माणसं वेगळी, प्रसंग वेगळे, पण मनात येणारं वाक्य एकच: 'सगळं मी एकट्यानेच निभावलं पाहिजे, आणि कुणाला कळता कामा नये.' अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा रोख नेमका अशा हट्टी समजुतींवर आहे. प्रसंगापेक्षा त्याबद्दलची आपली समजूत माणसाला जास्त पिळते, आणि समजूत तपासता येते. मॅडम प्रत्येक वेळी पुरावा मागायच्या. घरी कळलं तर नक्की काय होईल? याआधी कधी सांगून पाहिलंय?

सांगून पाहिलंच नव्हतं. मी हे माझ्या वडिलांकडून शिकलो. २००५ च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, त्यात आमचीही हळद गेली, आणि आण्णा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पुढे वर्षभर ते जेवण अर्धं टाकून उठायचे. याबद्दल सेशनमध्ये बोललो त्यानंतरचे काही आठवडे मला फार जड गेले, झोप आणखी बिघडली. असं होऊ शकतं हे मॅडमनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. मला वाटतं, बरेच जण याच टप्प्यावर सोडून देत असतील. निदान तेवढे दिवस सोडू नका.

बायकोला उधारीचा खरा आकडा सांगायची तालीम आम्ही सेशनमध्ये केली. कुठली वेळ निवडायची, पहिलं वाक्य काय असेल, ती चिडली तर गप्प न होता काय म्हणायचं, सगळं. ती चिडली नाही. तिला आकड्याचा अंदाज होताच. ती इतकी वर्षं माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. मार्चमध्ये सौदे जोरात असताना एका जुन्या खरेदीदाराला फोन करून थकलेले पैसे ठाम आवाजात, न ओरडता मागितले, तेही याच तालमीमुळे. पैसे सगळे आले नाहीत. पण त्या रात्री मी झोपलो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पुराच्या बाबतीत. आमचं घर गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. घर पाण्यात होतं. २०२१ च्या जुलैत तेच परत. तेव्हापासून पाऊस लागला की मी रात्रभर मोबाइलवर कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विनचे फूट बघत बसायचो. गावभागातल्या कितीतरी पुरुषांचं हेच चालतं, पण कट्ट्यावर ते एकमेकांना फक्त आकडा सांगतात. मॅडमनी भीती खोटी आहे असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. ३० फुटांना कागदपत्रं आणि आण्णांची औषधं वरच्या मजल्यावर. ३५ ला गॅस सिलिंडर वर, गाड्या विश्रामबागला मेहुण्याकडे. ४० च्या आत घरातली सगळी माणसं बाहेर. आकडा बघायचा तो सकाळी आणि संध्याकाळी, पाणी ३० च्या पुढे गेलं तरच जास्त वेळा. कागद बायकोने फ्रिजवर लावला. यंदा पावसात मी रात्री उठून मोबाइल घेतला नाही असं नाही, पण बघून ठेवून दिला आणि पाठ टेकली.

श्वास सावकाश सोडायचा व्यायाम जमला. डोळे मिटून ध्यान करायचं जमलं नाही, त्यात धडधड वाढायची, म्हणून ते सोडून स्नायू ताणून सैल करायचा व्यायाम घेतला, आणि मानेला त्यानेच आराम पडला. ऑनलाइन सेशन गाळ्यावरून करून पाहिलं, दारात हमाल आणि बाहेर ट्रकचे हॉर्न असताना ते होत नाही.

खर्च खिशातूनच होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक मिळायला हवी, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येतं, रात्रीही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर माझा अनुभव वाचत बसू नका, आधी तिथे फोन लावा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी आत्महत्या केली, त्यातले जवळपास ७२ टक्के पुरुष होते. हा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. यार्डातल्या प्रत्येक गाळ्यात माझ्यासारखाच एक जण बसलेला आहे.

धंद्यातला खड्डा आहे तेवढाच आहे. बीपीची गोळी चालू आहे. मावा बराच कमी झालाय, बंद नाही. पोरं आता मी आलो तरी हॉलमध्ये बसतात, धाकटी गणिताची वही घेऊन येते. पहाटेची जाग आठवड्यातून एक-दोनदा अजून येते. आता मिरजेला महिन्यातून एकदाच जातो आणि पुढचं काम पहाटेच्या या झोपमोडीवरच करायचं ठरलंय.