चाळून झालेली माती पुन्हा विकली जाते

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासच्या मध्य भागात, काही जमीनमालक दिवसाचे पैसे घेऊन आपल्या रानात दगडी बाणाग्रं खणू देतात. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने हे तिथे सहसा कायदेशीर आहे. नवख्याला भीती असते ती बनावट बाणाग्रांची. पण बहुतेकदा लुबाडणूक होते ती मातीत. कुणीतरी आधीच खणून, चाळून खड्ड्यात परत ढकललेली माती ‘अजून हात न लागलेली’ म्हणून विकतात, आणि ती जिवंत वाटावी म्हणून चार बाणाग्रं पेरून ठेवतात.

ही ठिकाणं म्हणजे जळक्या दगडांचे ढिगारे. पूर्वी तिथले लोक जमिनीत भट्टी करून तापलेल्या चुनखडीच्या दगडांवर कंद भाजायचे आणि तडकलेले दगड तिथेच टाकायचे. त्यामुळे अस्सल ढिगाऱ्यात मुठीएवढे दगड आणि काळपट माती गच्च बसलेली असते. मीटरभर लांबीची लोखंडी सळई खुपसली की वीतभरातच ती दगडाला अडते. चाळलेल्या मातीत तीच सळई गुडघाभर सहज जाते. खणणारा मोठे दगड बाजूला फेकतो, म्हणून परत भरलेल्या खड्ड्यात दगड एकीकडे आणि भुसभुशीत माती दुसरीकडे दिसते. हातभर खोलीवर सिगारेटचं थोटूक किंवा डब्याचं झाकण निघालं, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

म्हणून पैसे देण्याआधी अर्धा मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल चाचणी-खड्डा मागा. एक बाजू करणीने साफ कापून भिंत बघा. ‘आधी पैसे, मग फावडं’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

पेरणीची पद्धत ठरलेली असते. जागा मालकच नेमून देतो. शेजारी त्याचाच माणूस खणत असतो आणि पहिल्या अर्ध्या तासात ‘मिळालं!’ म्हणून ओरडतो. मग गिऱ्हाइकालाही दोन-तीन अखंड बाणाग्रं मिळतात आणि तो पुढच्या दिवसाचे पैसे भरतो. इथे चाळणीत काय उरतं ते बघा. जिथे हत्यारं घडवली गेली तिथे प्रत्येक बाणाग्रामागे शेकडो छिलके, म्हणजे घडवताना उडालेल्या दगडाच्या कपच्या, असतात, आणि बाणाग्रंही बहुतेक मोडकीच निघतात. अखंड नग आणि त्या दगडाचा एकही छिलका नाही, हा हिशोब जुळत नाही. जुन्या मातीतून दगड उचलला की खाली त्याचा ठसा राहतो. पेरलेल्याखाली माती नुसती ढासळते. मात्र सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचं ‘क्लोव्हिस’ घडणीचं टोक आणि हजार वर्षांच्या आतलं ‘पर्डिझ’ घडणीचं बाणाग्र एकाच थरात सापडलं, तर लगेच आरोप करू नका. बिळं करणारे प्राणी आणि झाडांची मुळंही थर उलटेपालटे करतात.

हातातला नग दहापट भिंगाखाली धरा. हल्लीचे कारागीर तांब्याच्या टोकाने कड घडवतात. कधी कडेला तांब्याचा कण चिकटलेला दिसतो. करवतीने कापलेल्या लादीतून केलेल्या नगावर मधोमध सपाट, घासलेला पट्टा उरतो. जुनेपणाचं पुट डिंकाने चिकटवलेलं असेल तर ॲसिटोनच्या बोळ्यावर येतं. व्हिनेगरची चाचणी मात्र फसवी आहे, कारण अस्सल चुनाळ पुटासारखा वरून लावलेला चुनाही फसफसतो. मध्य टेक्सासमधल्या एडवर्ड्स पठाराचा चकमकीचा दगड अतिनील दिव्याखाली सहसा पिवळसर-नारिंगी चमकतो, पण त्यावरून दगड कुठला एवढंच कळतं; घडवला कधी, ते नाही.

अस्सलपणाचं प्रमाणपत्र विकणाऱ्याच्याच छापखान्यातलं असू शकतं. त्यावर खुद्द बाणाग्राची ‘कार्बन तारीख’ लिहिली असेल तर ते सरळ खोटं आहे. चकमकीच्या दगडाला कार्बन-१४ लावता येत नाही. त्याला सोबतचा कोळसा किंवा हाड लागतं.

शेवटचा फास कागदाचा. ‘मालक’ म्हणवणारा कधी कधी फक्त गुरं चारायला जमीन घेतलेला भाडेकरू असतो. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालमत्ता नोंदी कुणालाही बघता येतात. नाव तिथे जुळवा. शेजारची जमीन संघराज्य सरकारची किंवा आदिवासी राखीव असेल तर हद्द नकाशावर तपासा, कारण १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. कबरी लागल्या तर खऱ्या मालकाची परवानगीही पुरत नाही. १९८७ मध्ये केंटकीतल्या स्लॅक फार्मवर दहा जणांनी मालकाला १०,००० डॉलर देऊन खणण्याचा हक्क घेतला, शेकडो खड्डे पाडले, कबरी उकरल्या आणि त्यांना अटक झाली. हाड माणसाचं वाटलं की चाळणी खाली ठेवा आणि शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, कळवा, मालक काहीही म्हणो.