मुलाखती घ्यायच्या की तिथे जाऊन राहायचं? प्रबंधाची पद्धत निवडताना

समाजशास्त्राच्या प्रबंधाचा विषय ठरला की बरेच जण "तीस मुलाखती घेतो" असं गाइडला सांगून मोकळे होतात. कारण उघड आहे. मुलाखतीची वेळ ठरवता येते, रेकॉर्डर लावता येतो, आणि काम कधी संपेल याचा अंदाज बांधता येतो. सोय बघण्यात गैर काही नाही. पण मुलाखतीतून नेमकं काय कळतं, यावर या विषयात गेली दहाएक वर्षं कडाक्याचा वाद चालू आहे. मौखिक परीक्षेत तो प्रश्न येण्याची शक्यता दाट आहे, म्हणून तो आधीच समजून घेतलेला बरा.

२०१४ मध्ये कॉलिन जेरोलमॅक आणि शेमस खान या समाजशास्त्रज्ञांनी मुलाखतकारांना थेट अंगावर घेतलं. लोक जे सांगतात त्यावरून ते काय करतात हे ठरवणं ही मुळातच चूक आहे, असं त्यांचं म्हणणं. वागणं बघायचं असेल तर ते जिथे घडतं तिथे जाऊन बघा.

अशा वेळी हमखास दाखला दिला जातो तो रिचर्ड लापिएर यांचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. हॉटेलं आणि खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून "चिनी गिऱ्हाईक घ्याल का?" असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी "नाही" कळवलं. हा अभ्यास १९३४ मध्ये छापून आला. मला मात्र हा पुरावा लोक मानतात तेवढा भक्कम वाटत नाही. दारात उभा असलेला माणूस आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता कशावरून? शिवाय जोडप्याबरोबर एक गोरा प्राध्यापक होता, ते वेगळंच.

त्यापेक्षा डेव्हा पेजर यांचं काम वाचा. मिलवॉकी शहरात त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या तरुणांना नोकरीसाठी अर्ज करायला पाठवलं. पात्रता सगळ्यांची सारखीच, फरक फक्त वंश आणि गुन्ह्याची नोंद एवढाच. २००३ मध्ये आलेले निकाल असे: गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांना ३४ टक्के वेळा परत बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के, आणि नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेला गोरा आणि निष्कलंक कृष्णवर्णीय जवळपास एका पायरीवर. नंतर याच मालकांना फोनवर विचारण्यात आलं की शिक्षा भोगून आलेल्या माणसाला तुम्ही घ्याल का. लिंकन क्विलियन यांच्यासह २००५ मध्ये लिहिलेल्या लेखात पेजर यांनी दाखवलं, की "घेऊ" म्हणणारे मालक प्रत्यक्षात अशा उमेदवारांना जास्त बोलावत होते असं काही दिसलं नाही. तुमचा विषय भेदभावाचा असेल, तर भेदभाव करू शकणाऱ्याची मुलाखत एवढ्यावर थांबू नका.

मग मुलाखत बाद? मिशेल लामाँ आणि ॲन स्विडलर यांनी जेरोलमॅक आणि खान यांना २०१४ मध्येच दिलेलं उत्तर मला जास्त पटतं. माणसाला लाज कशाची वाटते, आपल्यापेक्षा हलकं तो कोणाला समजतो, आपलं आयुष्य कसं असायला हवं होतं असं त्याला वाटतं, हे चौकात उभं राहून दिसत नाही. निरीक्षक एका जागी बांधलेला असतो, मुलाखतकार मात्र अनेक ठिकाणच्या माणसांना एकच प्रश्न विचारून तुलना करू शकतो. लामाँ यांनी स्वतः फ्रान्स आणि अमेरिकेतल्या उच्च मध्यमवर्गीय पुरुषांच्या १६० मुलाखती घेऊन हे लोक 'चांगला माणूस' कोणाला म्हणतात याची तुलना केली होती. दोन देशांत ठाण मांडून बसणाऱ्या एकट्या निरीक्षकाला ते जमलं नसतं.

मुळात हे भांडण नवं नाहीच. १९५७ मध्ये हॉवर्ड बेकर आणि ब्लांश गीर यांनी सहभागी निरीक्षण (म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांचं वागणं बघणं) हे सर्वांत परिपूर्ण साधन असल्याचं लिहिलं, तेव्हा मार्टिन ट्रो यांनी पद्धत प्रश्नावरून ठरते असं सुनावलं होतं. माझा कौल ट्रो यांच्या बाजूने आहे. तुमच्या संशोधनप्रश्नातलं क्रियापद बघा. 'करतात', 'टाळतात', 'वागवतात' असं काही असेल, तर निरीक्षण किंवा प्रयोग. 'मानतात', 'समजतात', 'समर्थन करतात' असेल, तर मुलाखत पुरेल.

निरीक्षणाची किंमत मात्र आधी मोजा. महिनोन्‌महिने जातात, प्रवेश मिळेलच असं नाही, आणि पडताळणीचा प्रश्न तर आणखी अवघड. ॲलिस गॉफमन यांच्या फिलाडेल्फियातल्या अभ्यासावरून मोठं वादळ उठलं, आणि माणसांच्या सुरक्षेसाठी त्यांनी मूळ टिपणं नष्ट केल्यामुळे त्यातली वर्णनं तपासणं कठीण झालं. नावं लपवायची की पुरावा दाखवायचा, हा पेच आजही सुटलेला नाही. टिपणांचं काय करणार हे पहिल्याच महिन्यात गाइडशी बोलून ठरवा.

सर्वेक्षणाकडे मुलाखतवाले जरा नाक मुरडून बघतात. स्टीफन व्हेसी यांनी २००९ मध्ये त्यांना चकित करणारा मुद्दा मांडला. किशोरवयीन मुलांना आपण नैतिक निर्णय कसे घेतो हे मुलाखतीत धड सांगता येत नव्हतं, पण प्रश्नावलीतल्या ठरावीक पर्यायांपैकी त्यांनी जो निवडला, त्यावरून त्यांच्या पुढच्या वर्तनाचा अंदाज लागत होता. तरी आकड्यांवर निर्धास्त राहू नका. २०२२ मधल्या एका प्रयोगात ७३ संशोधक गटांना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला होता: स्थलांतर वाढलं की सामाजिक योजनांचा पाठिंबा घटतो का? काहींना घट दिसली, काहींना वाढ, अनेकांना काहीच नाही.

मशीन लर्निंगचं (डेटावरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवण्याचं) आकर्षण वाटत असेल तर एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या चार हजारांहून जास्त कुटुंबांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन १६० गटांनी मुलांच्या पंधराव्या वर्षीची परिस्थिती वर्तवून पाहिली. २०२० मध्ये निकाल आला: सर्वोत्तम मॉडेलही मोजक्या चार घटकांवरच्या साध्या गणितापेक्षा जेमतेमच सरस होतं.

राहिला तो नेहमीचा प्रश्न, मुलाखती किती? मारिओ स्मॉल यांनी २००९ मध्ये याची छान चिरफाड केली आहे. पस्तीस मुलाखतींना छोटं सर्वेक्षण समजून 'प्रातिनिधिक नमुना' म्हणत बसू नका. तो होणार नाही, आणि आकडेवारीचा परीक्षक तुम्हाला तिथेच पकडेल. त्यापेक्षा एकेक मुलाखत स्वतंत्र प्रकरण समजा. आधीच्या मुलाखतीतून जे सुचलं ते पुढच्या माणसावर तपासा, आणि नवं काही हाती येईनासं झालं की थांबा. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये आकडा मागतातच. तिथे अंदाजे संख्या लिहा आणि खाली एका ओळीत थांबण्याचा निकषही लिहून टाका.

मुलाखती आधीच घेऊन झाल्या असतील आणि प्रश्न वागण्याचा असेल, तर नव्याने क्षेत्रात जाण्याआधी प्रश्न बदलून बघा. 'मालक कोणाला नोकरी देतात' ऐवजी 'मालक आपली निवड कशी समजावून सांगतात' असा प्रश्न केला, तर हातातल्या ध्वनिमुद्रणांवर तो पेलता येतो. शीर्षक बदलण्याचा अर्ज तेवढा वेळेत द्या.