हेरॉल्ड, मेहारी की पोहणारी अँफिकार?

स्टुटगार्टला राहणाऱ्या भाच्याने गेल्या महिन्यात तीन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "मामा, यातली कुठली घेऊ?" तिन्ही गाड्या जुन्या, तिन्ही बिनछपराच्या, आणि तिन्ही अशा की रस्त्यावरून गेल्या तर लोक हातातलं काम सोडून बघतील. मी स्वतः इंग्लंडात बरीच वर्षं एक हेरॉल्ड सांभाळतोय, तेव्हा माझा कल कुठे असणार हे आधीच कबूल करतो.

ट्रायम्फ हेरॉल्ड आपल्याकडच्या जुन्या पिढीला परकी नाही. १९६१ पासून मद्रासला ती 'स्टँडर्ड हेरॉल्ड' म्हणून बनायची. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या गर्दीत ही दोन दारांची, मागे टोकदार शेपट्या असलेली गाडी नटून आल्यासारखी दिसायची. मूळ गाडी १९५९ ची, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची, पण रेखाटली इटलीच्या मिकेलोत्तीने. कंपनीला अखंड बॉडी बनवून देणारं कुणी मिळेना, म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि तिच्यावर बॉडीचे तुकडे बोल्टने जोडले. ती अडचणच पथ्यावर पडली. छप्पर काढलं तरी खालचा सांगाडा शाबूत राहतो, म्हणून १९६० साली चार माणसांची उघडी हेरॉल्ड सहज निघाली.

फोटोतली गाडी नेमकी कुठली, हे दिव्यांवरून ओळखा. भुवईसारख्या पत्र्याखाली एकेक गोल दिवा असेल तर ती आधीची हेरॉल्ड. नाक उतरतं आणि दिवा दोन्हीकडे एकेकच असेल तर १९६७ नंतरची हेरॉल्ड १३/६०. दिव्यांची तिरकी जोडी दिसली तर ती हेरॉल्ड नव्हेच, सहा सिलिंडरची व्हिटेस आहे, आणि विकणारा भावही त्याच हिशेबाने सांगेल.

हेरॉल्डचं खरं सुख बॉनेटमध्ये आहे. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्ड आणि दिव्यांसकट सगळं नाक पुढे कलतं. मग पुढच्या टायरवर बैठक मारायची, चहाचा कप शेजारी ठेवायचा आणि प्लग काढायचे. कंबर न वाकवता इंजिनचं काम करू देणाऱ्या गाड्या मी फार पाहिल्या नाहीत. खोड मागच्या चाकांत आहे. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला तर मागचं चाक आत मुडपतं आणि शेपूट बाहेर फेकली जाते. वळणाआधीच वेग कमी करायची सवय लागली की त्रास नाही. घेताना मात्र दार उघडून लावून बघा. खरडत असेल किंवा वरची फट एकीकडे जास्त असेल, तर खालची चासी सडून वाकायला लागलेली असू शकते.

सिट्रोएन मेहारीची जात वेगळी. मे १९६८ मध्ये, फ्रान्स संप आणि मोर्च्यांनी पेटलेला असताना, ही प्लास्टिकची गाडी लोकांसमोर आली. रेषारेषांच्या अंगामुळे पुष्कळ जण तिला फोक्सवॅगनची १८१ समजतात. फरक सोपा आहे: १८१ पत्र्याची आणि इंजिन मागे, मेहारी एबीएस प्लास्टिकची आणि इंजिन पुढे. ६०२ सीसीचं, हवेने थंड होणारं, दोन सिलिंडरचं हे सिट्रोएनच्याच टूसीव्ही या छोट्या गाडीचं इंजिन. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर येतो, छत्रीच्या मुठीसारखा ओढायचा आणि ढकलायचा. समुद्रावरून वाळू घेऊन आलात तर आतून पाइपने धुवा. नाव सांडणीवरून घेतलंय आणि चालही तशीच आहे, वळणावर गाडी ऐटीत डोलते.

प्लास्टिक गंजत नाही, पण उन्हाने पांढरं पडतं आणि तडकतं. खालची चासी लोखंडाचीच, ती व्यवस्थित गंजते. चकचकीत नवी बॉडी पाहून भुलू नका, वाकून खाली बघा. आणि थंडीपावसात तिच्या कापडी दारांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता अँफिकार. ही रस्त्यावर ताशी ७० मैल आणि पाण्यात ७ नॉट (म्हणजे ताशी ७ सागरी मैल) जाते, असं सांगायचे. म्हणून मॉडेल ७७०. मागे पाण्यात गाडी ढकलणारे दोन पंखे, सुकाणू म्हणून पुढचीच चाकं, दारांना पाणी अडवणारी जादा कडी. १९६५ साली दोन अँफिकार इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन टेक्सासच्या आपल्या रँचवर पाहुण्यांना हिच्यात बसवून "ब्रेक लागेनात" म्हणत थेट तळ्यात घालायचे. गंमत अशी की बर्लिनमध्ये बनलेल्या या गाडीत इंजिन हेरॉल्डचंच आहे, ११४७ सीसीचं! म्हणजे इंजिनाचे पार्ट मिळतील. रडवेल बाकीचं सगळं. अंग पत्र्याचं आणि शौक पोहण्याचा. पाण्यातून आली की जागोजागी ग्रीस भरायचं, त्यातल्या एका जागेसाठी मागची सीट काढावी लागते. जेमतेम चार हजार बनल्या, त्यामुळे किमतीही तशाच. भाच्याचा जीव हिच्यावरच जडलेला, कारण बोडनसे तलाव तिथून फार लांब नाही. मी म्हटलं, वर्षातून दोनदा पोहायचं असेल तर होडी भाड्याने मिळते.

त्याने चौथा फोटोही मागाहून पाठवला: वेताच्या सीटांची, बिनदारांची फियाट जॉली. तिच्याबद्दल एवढंच की साध्या फियाट ५०० चं छप्पर कापून वेत बसवलेल्या नकला पुष्कळ फिरतात. कागद चोख नसतील तर बघायलाही जाऊ नये.

कागदांचा प्रश्न तिन्हींना सोपा आहे. जर्मनीत तीस वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'एच' पाटी, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट, मिळू शकते, आणि सगळ्यात शेवटची मेहारीसुद्धा १९८० च्या दशकातली आहे. निकाल लागला तो भलत्याच मुद्द्यावर. भाच्याच्या इमारतीला बंद गॅरेज नाही, फक्त झाडाखालची एक जागा आहे. तिथे मेहारी म्हणजे बादली. आणि अँफिकार उघड्यावर ठेवणाऱ्याला मी भाचा म्हणणार नाही.

शनिवारी तो एक डावीकडे स्टिअरिंग असलेली १३/६० बघायला चाललाय. छताचं कापड जुनं आहे, पण बदलता येतं. खिशात लहानसं लोहचुंबक ठेव म्हणून सांगितलंय. दाराखालच्या पत्र्याला ते चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलीय, मग मालक कितीही गोड बोलला तरी परत फिरायचं.