सुपरचार्जरच्या नावाखाली ९,८५० डॉलर बुडाले

गाडी २०१३ ची मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही-८, कंपनीतून ४२० हॉर्सपॉवरची. तिला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, बसवायचा होता. गॅरेजवाल्याने घेतलेले पैसे: किटचे ७,२००, मजुरीचे १,९००, ट्यूनिंगचे ७५०. इंजिन गेलं ते वेगळंच. गोड बोलणं, ‘आज भरलेत तर जुना भाव’, कार्डावर तीन टक्के जादा म्हणून खात्यातून थेट पैसे, हा सगळा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. कार्डानेच भरा, तीन टक्के गेले तरी चालतील.

अजून जीव जळतो तो डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदामुळे. किल्ली देताना त्याने रंगीत प्रिंट हातात ठेवला: चाकांवर ५७२ हॉर्सपॉवर. त्यावर हॉर्सपॉवर आणि टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) रेषा ४,६०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) एकमेकींना छेदत होत्या. असं होऊच शकत नाही! टॉर्क पाउंड-फूटमध्ये असला की त्याला आरपीएमने गुणून ५,२५२ ने भागलं की हॉर्सपॉवर येते. दोन्हींची मोजपट्टी एकच असेल तर रेषा ५,२५२ लाच छेदणार, इंजिन कुठलंही असो. पेट्रोल पुरेसं पडतंय का हे दाखवणारी हवा-इंधन प्रमाणाची रेष तर कागदावर नव्हतीच. बनावटपणाचा पुरावा माझ्या हातात होता आणि माझी नजर ५७२ वर. पण भिंतीवर परवाना टांगलेल्या गॅरेजात उभं राहून कोणता गिऱ्हाईक हे तपासतो? खोटा कागद छापणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, मला मात्र सगळे विचारतात, ‘आधी बघितलं नाहीस का?’

हायवेवर चढताना पूर्ण थ्रॉटल दिला आणि बॉनेटखाली डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज झाला, मागून निळा धूर. दुसऱ्या मेकॅनिकने उघडून दाखवलं: पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मूळचेच, प्लग मूळचेच, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पंपाला वायरच जोडलेली नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११:१, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच खूप दाबलं जातं. त्यावर बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा जादा दाब, द्यायचा तर पेट्रोल जास्त लागतं, थंड प्रकारचे प्लग लागतात, इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. इथे यातलं काहीच केलं नव्हतं. पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून दणके बसले, एका पिस्टनची रिंग लँड (रिंगच्या खाचेची कड) तुटली. ‘नव्या’ सुपरचार्जरवर सिरियल नंबरच्या पट्टीच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं, भोवती कानसीचे ओरखडे. काढलेले जुने भाग परत मागा. मोठे इंजेक्टर बसवले म्हणतो ना, मग मूळचे कुठे आहेत?

दुरुस्तीचा अंदाज ८,४००. म्हणजे एकूण १८,२५०.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. गॅरेजांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याला फोटो, बिलं, तो कागद, मेकॅनिकचा लेखी अहवाल, सगळं दिलं. उत्तर काय आलं? मध्यस्थीला गॅरेजवाल्याची तयारी नाही, सबब फाइल बंद. लुटणाऱ्याची तयारी विचारतात! मग परवाना देता कशाला? फी घेता, भिंतीवर टांगायला कागद देता, आणि आम्ही त्याच कागदावर विश्वास ठेवला की हात झटकता? छोट्या दाव्यांच्या कोर्टात माझी रक्कम मर्यादेच्या वर जाते, आणि वकील आधी ॲडव्हान्स मागतो.

कॅलिफोर्नियातल्यांनी किटचा ईओ क्रमांक (राज्याच्या प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक) आधी मागावा, नाहीतर स्मॉग (धुराच्या) चाचणीत गाडी अडकेल. डायनोवर गाडी चढेल तेव्हा स्वतः समोर उभे राहा. ज्यांची गाडी असल्याच गॅरेजातून नुकतीच आली आहे, त्यांनी इंजेक्टरचा पार्ट नंबर दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि तोवर थ्रॉटल पूर्ण दाबू नका.