पाऊण टनी डिझेल पिकअप, ट्रेलर ओढण्यासाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी चार दारांची, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल. ‘पाऊण टनी’, ‘एक टनी’ ही फक्त वर्गांची नावं, प्रत्यक्ष भाराचा आकडा वेगळा असतो. मागे दोन ॲक्सलचा ट्रेलर, भरल्यावर साधारण 5 टन. पुलिंगबद्दल तक्रारीला जागा नाही. घाटात गिअर एक-दोन पायऱ्या खाली येतो आणि गाडी निवांत चढते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन उंचीवर दर हजार मीटरला साधारण 10 टक्के ताकद गमावतं. इथे टर्बोमुळे तो फरक फारसा जाणवत नाही.

पण गाडी निवडताना ओढण्याच्या क्षमतेच्या आकड्याला भुलू नका. आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीवर घालता येणारा भार. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल, हे खास त्याच गाडीसाठी तिथे लिहिलेलं असतं. समजा तिथे 1,100 किलो आहे. 5,000 किलोच्या ट्रेलरचे 12 टक्के, म्हणजे 600 किलो, हिचच्या (गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या) बॉलवर येतात. हिच 45, चार माणसं 300, टूलबॉक्स आणि सटरफटर 100. झाले 1,045. कागदावर या वर्गातल्या गाड्या 7-8 टनही ओढतात, पण इथे 5 टनांतच हात आखडावा लागतो. फिफ्थ-व्हील, म्हणजे हौद्यातच जोडल्या जाणाऱ्या, ट्रेलरचा 20 टक्क्यांच्या आसपास भार थेट हौद्यावर येतो. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या ट्रेलरचे 1,000 किलो तिथेच गेले. त्या कामाला एक टनी गाडीच घ्यावी. आणि हो, डिझेल इंजिनाचं जादा वजनही पेलोडमधूनच वजा होतं, म्हणून त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी बरेचदा जास्त भार घेते.

भार कमी दिसावा म्हणून ट्रेलरमधलं सामान मागे सरकवणं हा तर आत्मघात. बॉलवर 10 टक्क्यांपेक्षा कमी वजन असलं की वेगात ट्रेलर शेपटी मारायला लागतो. खात्री वजनकाट्यावरच करा: आधी नुसती पिकअप, मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे बॉलवरचं वजन.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बारांच्या ताणाने बॉलवरचा काही भार पुढच्या चाकांकडे वळवणारी) लावताना पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. ट्रेलर जोडल्यावर नाक समजा 40 मिलिमीटर वर उचललं गेलं, तर बार ताणून निदान 20 परत खाली आलं पाहिजे. मूळ उंचीच्या खाली मात्र नेऊ नका. गाडीच्या पुस्तकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा.

ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर डॅशबोर्डातच आहे, ही मोठी सोय. सेटिंग सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक थोडे गरम झाल्यावर करायचं. 30-40 च्या वेगात फक्त कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा, ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा, मग किंचित खाली आणा. भार बदलला की पुन्हा. रिकाम्या ट्रेलरला भरलेल्याचा गेन ठेवला तर चाकं घासत जातात आणि टायरवर सपाट चट्टे पडतात.

पैसे खरे वसूल होतात ते एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखण्याच्या सोयीवर. टो मोड (ट्रेलर ओढतानाचं सेटिंग) लावला की उतारावर गाडी स्वतःच गिअर खाली टाकते, पायाचा ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे तापून निकामी होण्याची भीती कमी.

मोकळी गाडी मात्र आदळते. पाटे वजनासाठी बनलेले, त्याला इलाज नाही. मागच्या टायरमध्ये ओढतानाची 80 पीएसआय हवा तशीच राहिली तर आणखीच. स्टिकरवरच्या दाबावर आणा. जवळच्या, रिकाम्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापत नाही, काजळी साचते आणि रिजनरेशन, म्हणजे ती जाळून टाकणं, वरचेवर सुरू होतं. रोजचा वापर असाच असेल तर पेट्रोल बघा.

किरकोळ कटकट एकच: ट्रेलरची वायर जोडायच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात आणि कंट्रोलर ‘ट्रेलर जोडलेला नाही’ म्हणतो. पिना घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की भागतं.