पहिली विजेची करवत कोणती? कटर, जिगसॉ, सर्क्युलर सॉ आणि टेबल सॉ

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "लाकूड कापायचं मशीन दाखवा" म्हटलं, की बहुतेक वेळा काउंटरवर चार इंची मार्बल कटर येतो आणि सोबत लाकडाचं दातेरी ब्लेड. "सगळे सुतार हेच वापरतात," असं दुकानदार सांगतो, आणि ते खोटं नाही. फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये डोकावा, हेच मशीन दिसेल. तरीही नवशिक्याने पहिली करवत म्हणून ते घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं आधी सांगते, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज मिळणारी वस्तू हीच असते.

फरशी कापणाऱ्या हिऱ्याच्या चकतीला लाकडाच्या ब्लेडसारखे दात नसतात, ती दगड घासत जाते. त्यामुळे तिला प्रचंड वेग लागतो, मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे. त्याच मशीनला लाकडाचं ब्लेड लावलं, की त्याचे दात सेकंदाला ७० मीटरच्या आसपास वेगाने फिरतात. सात इंची सर्क्युलर सॉचं, म्हणजे हातात धरायच्या गोल ब्लेडच्या लाकडी कामाच्या करवतीचं, ब्लेड आकाराने मोठं, पण फेरे ५ ते साडेपाच हजार, म्हणून दातांचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास राहतो. वेगाचं एक वेळ सोडा. खरा धोका झाकणात आहे. सर्क्युलर सॉला खालच्या बाजूने स्प्रिंगवर चालणारं झाकण असतं. काप संपला की ते आपोआप ब्लेडवर येतं. मार्बल कटरचं झाकण फक्त वरच्या अर्ध्या भागावर, तेही पक्कं बसवलेलं. खालचं अर्धं ब्लेड कायम उघडं. बऱ्याच कटरांना स्विच लॉक होतो, म्हणजे हात सुटला तरी मशीन फिरत राहतं. वीस वर्षं रोज आठ तास कटर धरणाऱ्या कारागिराचा हात त्या मशीनला ओळखतो. रविवारी दोन तास काम करणाऱ्या आपल्या हाताला ती ओळख नसते. आणि कटरची खोली जेमतेम ३० ते ३५ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच जाडीची सागाची फळीसुद्धा एका फेरीत पार होत नाही.

कटर बाजूला ठेवला की खरी निवड जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या छोट्या ब्लेडची करवत) आणि सर्क्युलर सॉ यांच्यातली. टेबल सॉकडे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या ब्लेडवर लाकूड ढकलायच्या मशीनकडे, नंतर येते.

आधी आपल्यासमोर काय कापायला येतं ते पाहू. आपल्याकडे घरी काम सुरू करणाऱ्या बहुतेकांचं पहिलं लाकूड म्हणजे प्लाय. आठ बाय चार फुटांची, १८ मिलिमीटर जाडीची शीट. साग, शिवण, आंबा हे सगळं नंतर येतं. ही शीट तीस-बत्तीस किलोंची असते. एकट्याने उचलणं कठीण, फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावणं त्याहून कठीण. म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाहीच. तुमचा प्लायवाला शीट कापून देतो का, हा आहे. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी, नागपुरात लकडगंजात आणि बहुतेक शहरांतल्या मोठ्या दुकानांत मोठ्या मशीनवर सरळ काप मारून मिळतो का ते आधी विचारून पाहा. मापांचा कागद घेऊन जा. काप मारताना ब्लेड स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग). ते धरून मापं काढा, नाहीतर शेवटची फळी बारीक निघते.

प्लायवाला कापून देत असेल तर मी बिनदिक्कत जिगसॉ घ्या म्हणेन. लांब सरळ काप झालेले असतात. घरी उरतं ते काम म्हणजे कोपरा गोल करणं, वायरसाठी भोक पाडणं, सिंकची चौकट कापणं, भिंत वाकडी असेल तर फळीची कड तासून बसवणं. हे सगळं जिगसॉचंच काम, सर्क्युलर सॉ यातलं जवळपास काहीच करत नाही. जिगसॉचं ब्लेड छोटं, वरखाली चालणारं. ते अडकलं तर मशीन थरथरतं, उड्या मारतं, पण अंगावर झेप घेत नाही. आवाजही तुलनेने कमी. दुपारी सोसायटीत शेजाऱ्यांची झोप चालू असताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ब्लेडं स्वस्त आणि कामागणिक वेगवेगळी मिळतात. सफाईदार कापासाठी बारीक दातांची, भरभर कापायला मोठ्या दातांची, वळणासाठी अरुंद, सनमायकासाठी उलट्या दातांची. मशीनवर ब्लेडच्या पुढे-मागे हलण्याचा एक खटका असतो, त्याला शून्यापासून तीनपर्यंत पायऱ्या असतात. प्लायवर सफाई हवी असेल तर तो शून्यावर ठेवा. तीनवर कड दाढीच्या केसांसारखी उभी राहते.

जिगसॉची मर्यादा मी दोन वर्षं अनुभवली. ब्लेड फक्त वरच्या टोकाला धरलेलं असतं. जाड लाकडात खालचं टोक मुडपतं, आणि काप वरून रेषेवर दिसला तरी खालून एक-दीड सूत बाजूला गेलेला असतो. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की फट दिसते. घाईने ढकललं की हे जास्तच होतं. प्लायच्या फळ्या एकमेकींना काटकोनात बसवून कपाट करायचं असेल, तर हे एक-दीड सूत प्रत्येक सांध्यात जमा होत जातं आणि शेवटी दार लागत नाही.

म्हणून प्लायवाला कापून देत नसेल, किंवा तुम्हाला पूर्ण शीट घरीच हाताळायची असेल, तर सात इंची सर्क्युलर सॉ. घरातलं पहिलं कपाट, पहिलं टेबल, पहिला बेड करू पाहणाऱ्याला तिचाच उपयोग जास्त होतो. काटकोनात साठ मिलिमीटरच्या पुढे कापते, म्हणजे दोन इंची सागाचा वासाही एका फेरीत. पण तिच्याकडून सरळ रेषा मिळवायला डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ॲल्युमिनियमची सरळ चौकोनी पट्टी घ्या, दोन बाय एक इंचाची, आठ फूट लांब. शीटवर रेषेपासून योग्य अंतरावर दोन शिकंज्यांनी (क्लॅम्पनी) ती घट्ट आवळा आणि मशीनची तळपट्टी तिला चिकटवून चालवा. याने निघणारा आठ फुटी काप दुकानातल्या कापाच्या जवळ जातो. ही पट्टी आणि दोन शिकंजे घेतले नाहीत तर सर्क्युलर सॉ घेण्यात अर्थ नाही. पैसे कमी असतील तर मशीन थोडं साधं घ्या, पण पट्टी आणि ब्लेड चांगलं घ्या.

ब्लेडबद्दल थोडं. मशीनसोबत येणारं ब्लेड बहुधा २४ दातांचं, लाकूड लांबीने चिरायला ठीक. प्लायला ४० दातांचं घ्या, सनमायका लावलेल्या फळीला ६० दातांचं. प्लायमधल्या गोंदाने दात लवकर बोथट होतात, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या) किंवा मरीन प्लायमध्ये तर जास्तच. काप जळायला लागला, काळा डाग पडायला लागला, की दोष तुमच्या हाताचा नसून ब्लेडचा असण्याची शक्यता जास्त. आणि एक गोष्ट दोन्ही मशीनना लागू आहे. दोघी खालून वर कापतात, त्यामुळे टवके वरच्या बाजूला उडतात. फळीची चांगली बाजू खाली ठेवा. टेबल सॉवर नेमकं उलट, चांगली बाजू वर.

सर्क्युलर सॉचा धोका खरा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय मशीन घेऊ नका. माझी चूक सांगते. पहिल्या महिन्यात मी शीटची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवून मधोमध काप घेतला. काप पुढे जाऊ लागला तसे दोन्ही तुकडे मध्ये वाकले, कापाची फट बंद झाली, ब्लेड चिमटीत धरल्यासारखं अडकलं, आणि मशीन मागे फेकल्यासारखं आलं. मी रेषेच्या थोडी बाजूला उभी होते म्हणून तळपट्टी मांडीला घासून गेली, एवढ्यावर भागलं. आठवडाभर काळंनिळं होतं. तेव्हापासून शीट जमिनीवर दोन इंच जाड थर्माकोलच्या शीटवर आडवी टाकते. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरच जास्त ठेवते. थर्माकोलमध्ये चर पडतो, पण तुकडा कुठेच लोंबकळत नाही, फट बंद होत नाही. सुरक्षेचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

हातमोजे घालू नका, फिरणाऱ्या ब्लेडजवळ कापड ओढलं जातं. ओढणी, साडीचा पदर, सैल बाही, राखी, बांगड्या, अंगठी काढून ठेवायची, केस बांधायचे. चष्मा आणि कानाला मफ हवेतच. भुशाचा मास्क मात्र लोक गंमत समजतात. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. बंद खोलीत एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापणं तर टाळाच.

आता टेबल सॉ. नवशिक्याच्या मनात सगळ्यात जास्त भरणारं मशीन हेच असतं, कारण व्हिडिओत प्रत्येकाकडे दिसतं. एकसारख्या दहा पट्ट्या कापायच्या असतील तर याला तोड नाही हेही खरं. पण आठ फुटी शीट त्यावरून पार करायला मशीनच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळी जागा लागते. दोन बीएचकेमध्ये ती कुठे आहे? कोकणातल्या घराची पडवी असेल, गावाकडे वाड्याची ओसरी किंवा रिकामा गोठा असेल, तर विचार जरूर करा. किंमतही दुसऱ्याच पायरीवरची आहे. जिगसॉ चार आकड्यांत येतो, सर्क्युलर सॉ साधारण त्याच्या दीड-दोन पट, पण चांगल्या दहा इंची टेबल सॉला पाच आकडी रक्कम लागते. शिवाय वीज. घरातल्या साध्या ६ ॲम्पिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला १३८० वॉटपर्यंतच भार घेता येतो. जिगसॉ पाचशे-सातशे वॉटचा, त्याला अडचण नाही. सर्क्युलर सॉ ११०० ते १४०० वॉटची, म्हणजे काठावर. १८०० वॉटच्या टेबल सॉला गीझरसारखा १६ ॲम्पिअरचाच प्लग हवा. काही जण सर्क्युलर सॉ किंवा कटर उलटा करून प्लायच्या खाली बसवतात आणि घरगुती टेबल सॉ बनवतात. यात झाकणही नसतं आणि ब्लेडच्या मागे काप उघडा ठेवणारी पातळ पातीही नसते. कृपया करू नका.

माइटर सॉ फ्रेम, चौकटी, रिपा ठरावीक कोनात कापायला सुंदर आहे, पण शीट चिरत नाही, म्हणून पहिली नाही. बॅटरीवरची मशीनं सोयीची आहेत, पण सर्क्युलर सॉ बॅटरी भराभर पिते. आधीच त्याच कंपनीचा ड्रिल आणि बॅटरी असेल तरच हिशेब जमतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन मागवायचा मोह अनेकांना होतो. तिथली वायरवाली मशीनं १२० व्होल्टची असतात, आपल्या प्लगमध्ये सरळ लावली तर जळतात. जाड ओंडका किंवा मोठी सागाची फळी चिरायची असेल तर वखारीतल्या आऱ्यावर न्या. थोड्या पैशांत होतं, आणि घरच्या कुठल्याही मशीनला ते झेपणार नाही.

माझ्या एका मैत्रिणीला ठाण्यात गॅलरीत काम करायचं होतं. मुलांसाठी पुस्तकांचे छोटे रॅक, खेळणी, कुंड्यांचे स्टँड. तिला मी जिगसॉच घ्यायला लावला. दुसऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी निवृत्तीनंतर साताऱ्याजवळ घर बांधलं, त्यांना घरभर कपाटं करायची होती. त्यांना सर्क्युलर सॉ. दोघांचे पैसे सत्कारणी लागले, कारण दोघांनी आधी काय बनवायचं ते ठरवलं होतं. तुमचं ते अजून ठरलेलं नसेल, तर प्लायवाल्याकडून शीट कापून घ्या आणि जिगसॉने सुरुवात करा. सहा महिन्यांनी कोणती उणीव टोचते ते आपोआप कळेल.

सर्क्युलर सॉ घेतलीत तर पहिल्याच दिवशी हे करा. प्लग काढून ठेवा, ब्लेडवरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला आहेत ना ते बघा, ब्लेडच्या दाताच्या बाहेरच्या टोकापासून तळपट्टीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने नीट मोजा, आणि ते दोन आकडे तळपट्टीवर मार्करने लिहून ठेवा. प्रत्येक कापाला रेषेपासून ॲल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच अंतरावर लावायची आहे.