ॲक्सोलोटलचा टँक: वाळू की नुसती काच, फॅन की चिलर?

ॲक्सोलोटल (पाण्यातच राहणारा, डोक्याच्या बाजूला पिसांसारखे कल्ले असलेला सॅलमँडर) घ्यायचं ठरत आलंय पण टँक कसा लावायचा इथे गाडी अडलीय, असं असेल तर आधी एवढं बघा की हा प्राणी येतो कुठून. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, गार गढूळ पाणी, खाली चिखल, आणि याच्या डोळ्यांना पापण्याच नाहीत. म्हणजे झगझगीत लाईट आणि रंगीत किल्ले आपल्या फोटोसाठी, त्याला त्याचा त्रासच.

तळापासून सुरू करू. नुसती काच साफसफाईला एक नंबर, घाण लगेच दिसते, मोठ्या ड्रॉपरने ओढली की काम झालं. पण पाय घसरतात हो! आमचा गुंडू पहिले दोन महिने काचेवरच होता, चार पावलं टाकली की मागचा पाय सरकायचा, मग गडी चालायचंच सोडून कोपऱ्यात पडून राहायचा आणि मला वाटायचं हा आळशीच आहे. बारीक वाळू टाकली त्याच रात्री साहेब टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं रोवत फिरत होते. पण वाळू टाकायची ती पिल्लू साधारण १५ सेंमीचं झाल्यावर, दाणा १ मिमीपेक्षा बारीक, आणि बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवून. खडे मात्र अजिबात नाही, मला दुकानात "सगळे हेच टाकतात" म्हणून रंगीत खडे गळ्यात मारले होते, हा प्राणी तोंड उघडून खाणं पाण्यासकट आत ओढतो, त्यात खडा गेला की पोटात अडकतो. पिल्लू असेल किंवा वाळूचा कंटाळा असेल तर पॉलिश न केलेली स्लेटची फरशी टाका, पकडही मिळते आणि पुसायलाही सोपी.

लपायला मातीची कुंडी आडवी ठेवली की दिसायला मस्त, फक्त तिच्या बुडाला भोक असतं आणि डोकं घालून अडकणं हा यांचा छंद आहे, त्यामुळे भोक झाकलेलं हवं. मी शेवटी प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा आणला, कडा सँडपेपरने घासल्या. दिसायला भिकार, पण गुंडूला तोच आवडतो.

झाडं खरीच लावा. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस, तिन्ही कमी उजेडात आणि गार पाण्यात टिकतात, लाकडाला दोऱ्याने बांधायची, कारण वाळूत लावलेलं हा रात्रीतून उपटतो. प्लास्टिकच्या पानांच्या कडा टोचतात, कल्ले नाजूक असतात. फिल्टर स्पंजचा घ्या, जोरात पाणी फेकणारा नको, कल्ले सतत पुढे वळलेले दिसले तर प्रवाह जास्त आहे असं समजा.

आता खरा खर्च. पाणी १६ ते १८ अंश हवं, २४ च्या वर गेलं की हाल सुरू. फॅन स्वस्त, पाण्याची वाफ करून दोनचार अंश उतरवतो, पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जरा तरी काम करतो, मुंबईच्या दमट हवेत जवळजवळ नाहीच. आणि खोलीत ३२ असताना चार अंश उतरून उपयोग काय? बर्फाच्या बाटल्या टाकणारे भेटतील, पण पाणी एकदम गार आणि परत गरम, हे हेलकावे त्याला सोसत नाहीत. चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार करणारं मशीन, टँकपेक्षा महाग पडतो, आवाज करतो, खोलीत गरम हवा सोडतो, तरी मी म्हणेन बाकी सगळं पाईपच्या तुकड्यावर भागवा आणि पैसे चिलरला ठेवा. दिवसभर एसी चालणारी खोली असेल तर गोष्ट वेगळी.

सोबत मासे ठेवू का, हे सगळेच विचारतात. नको. मासे कल्ले कुरतडतात, नाहीतर हा त्यांना गिळतो.

टँक सायकल व्हायला, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला, चारसहा आठवडे लागतातच, त्या काळात प्राणी आणायचा नाही, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्यायचं. तेवढ्यात भर एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी तीनला थर्मामीटर बघून आकडा लिहून ठेवा, चिलर लागणार की नाही ते त्या वहीतच कळेल.